गाडीची चावी कोणाच्या ताब्यात? परातीत उघडलेल्या एका कुलपाचा इतिहास

मागच्या दिवाळीनंतर पप्पांनी एक जुनी गाडी घेतली. परभणीतच, ओळखीच्या ओळखीतून. इंजिन बरं होतं, टायर बरे होते, कागदपत्रं बरोबर होती. फक्त चावी एकच मिळाली. दुसरी कुठे, तर "हरवली". पप्पांनी ते लगेच मान्य केलं. आईनं नाही केलं. हरवलेली वस्तू कुणाला तरी सापडलेलीच असते, असं तिचं म्हणणं. शिवाय गाडी रात्री बोळात उभी असते आणि मोंढ्यातून सोयाबीनचे पैसे घेऊन येताना पप्पा पिशवी सीटखाली ठेवतात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मलाही एक गोष्ट खटकत होती. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी सगळ्या चाव्या मागते. एकच दाखवली की प्रश्न सुरू होतात. म्हणजे जी चावी आपण कधी पाहिलीही नाही, तिचा जाब आपल्याला द्यावा लागणार!

पप्पा म्हणाले, "कशाला उगं टेन्शन घेता?" आणि विषय संपला. माझ्यापुरता तो तिथेच सुरू झाला. एका रविवारी मी ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप काढून स्वयंपाकघरात आणलं, आईची परात घेतली आणि त्यात ते उघडलं. पप्पा बघतच राहिले. "हे काय करायलीस माय?"

या ब्लॉगवर नवीन असाल तर थोडं सांगते. एम.एस्सी. फिजिक्सनंतर मी पीएच.डी.साठी दुरुस्तीच्या व्यवसायांचा इतिहास हा विषय घेतला. नातेवाइकांना अजून कळलेलं नाही की यात नेमकं काय करायचं असतं. गाइड भेटले तेव्हा मलाही नीट कळलेलं नव्हतं. पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ताई, संशोधनाचा प्रश्न सुचतो कसा?" आज एका प्रश्नाची गोष्ट सांगते. ती परातीतून सुरू होते आणि लंडन, मुंबई, अमेरिका फिरून परत परातीत येते.

चोर आणि कारागीर यांच्या बाहेरचा माणूस

कुलपांच्या इतिहासावर वाचायला बसलं की सगळीकडे एकच कथा भेटते. कारागीर म्हणतो हे कुलूप उघडणारच नाही, मग एक हुशार माणूस येतो आणि उघडून दाखवतो, मग दुसरा कारागीर त्याहून अवघड कुलूप काढतो. कथा रंजक आहे, नाही असं नाही. १७८४ मध्ये जोसेफ ब्रामानं लंडनमध्ये कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून पाटी लावली की हे उघडणाऱ्याला २०० गिनी. ते कुलूप साठेक वर्षं तिथेच होतं. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत बनावट चाव्यांनी चोरी झाली. त्यानंतर सरकारनं असं कुलूप मागवलं, जे आपल्याच चावीशिवाय उघडणार नाही. १८१८ मध्ये जेरेमिया चबनं 'डिटेक्टर' कुलूप आणलं. कुणी खोटी चावी घालून खटपट केली की ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावला होता. कुलपांचा कारागीर असलेल्या एका कैद्याला सांगितलं गेलं की उघडून दाखव, शिक्षा माफ. काही महिने झगडून त्यानं हात टेकले.

मग १८५१ चं लंडनचं महाप्रदर्शन आलं. आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन तिथे पोचला. त्यानं चबचं कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडलं. ब्रामाचं उघडायला १६ दिवसांत मिळून ५० तासांच्या वर लागले, पण उघडलं. इंग्लंडमधली वर्तमानपत्रं हादरली.

ही कथा सगळे सांगतात. मीही सेमिनारमध्ये सांगितली, टाळ्याही मिळाल्या. पण आमच्या घरच्या अडचणीला तिचा काही उपयोग नव्हता. आम्हाला कुणी सुई-तारेनं कुलूप उघडेल याची भीती नव्हती. भीती होती ती खऱ्या चावीची. जुना मालक, त्याचा ड्रायव्हर, मधला एजंट, गॅरेजवाला पोऱ्या, यांच्यापैकी कुणाकडेही ती असू शकते. कुलूप कितीही भारी असलं तरी खऱ्या चावीपुढे ते गरीबच.

म्हणून मी प्रश्न फिरवला. कुलूप कुणी फोडलं हे सोडून दिलं. चावी भलत्या हातात गेल्यावर कुलूप तेच ठेवून चावी निकामी करायची सोय कधी आणि कुणाला मिळाली, हे बघायचं ठरवलं. प्रश्न एवढाच बदलला आणि तीच जुनी साधनं वेगळं बोलायला लागली.

हॉब्जचंच बघा. तो लंडनला आला तो डे अँड न्यूएल या न्यू यॉर्कच्या कंपनीचं कुलूप विकायला. त्या कुलपाचं नाव 'पॅराऑटॉप्टिक', उच्चारताना जीभ वळते. बाकीच्यांची कुलपं फोडणं ही त्याची जाहिरात होती. आणि रॉबर्ट न्यूएलच्या त्या कुलपाची खरी करामत वेगळीच आहे. त्याच्या चावीचे दात सुटे होते. मालकानं दातांचा क्रम बदलायचा, नव्या क्रमाची चावी घालून कुलूप लावायचं, की कुलूप आतून स्वतःला त्या क्रमाप्रमाणे बसवून घ्यायचं. आधीचा क्रम बाद. ना लोहार लागला, ना स्क्रू-ड्रायव्हर. बँकेतला कॅशियर सोडून गेला तर मॅनेजरनं त्याच संध्याकाळी चावी बदलावी, असा तो मामला.

न्यूएलच्याही आधी ही कल्पना सॉलोमन अँड्रूज नावाच्या माणसानं न्यू जर्सीत करून पाहिली होती. हा पेशानं डॉक्टर. दवाखाना सांभाळून कुलपं करायचा आणि पुढे १८६३ मध्ये त्यानं चक्क एक हवाई जहाज उडवलं. अशा माणसांबद्दल वाचलं की आपला एकच चॅप्टर तीन वर्षं चाललाय याची जरा लाज वाटते.

थोडक्यात, १८५१ च्या प्रसिद्ध प्रसंगात दोन गोष्टी घडत होत्या. एक, कुलपं फुटत होती. दोन, फुटण्याशी काही संबंध नसलेली, मालकाला चावी बदलू देणारी सोय बाजारात मांडली जात होती. पहिलीवर पानंच्या पानं लिहिली गेली, दुसरी तळटीपेत राहिली.

लालबागचं 'गॉर्डियन'

आता मुंबईला येऊ. हा भाग आपल्या जवळचा आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडतो.

अर्देशिर गोदरेज हे कायदा शिकलेले. वकिलीसाठी झांझिबारला गेले. तिथे खोटं बोलावं लागेल म्हणून वकिलीच सोडली आणि परत आले. मग शस्त्रक्रियेची अवजारं बनवायला घेतली. माल चांगला होता, पण त्यावर 'भारतात बनवलेलं' असा शिक्का मारू द्यायला गिऱ्हाईक तयार नव्हतं, आणि अर्देशिर शिक्का सोडायला तयार नव्हते. धंदा बसला. त्यानंतर मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातमीवरून त्यांना कुलपांची कल्पना सुचली, असं त्यांची चरित्रं सांगतात. ७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, एका छोट्या शेडमध्ये काम सुरू झालं.

इथे एक मोह होतो, तो आधीच सांगून ठेवते. सप्टेंबर १८९६ पासून मुंबईत प्लेग होता. लोक घरांना कुलपं लावून गावाकडे पळत होते. आठ महिन्यांत कुलपांचा कारखाना उभा राहतो. हात शिवशिवतात ना, "प्लेगमुळे गोदरेज जन्मलं" असं लिहायला? मी सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात तसं लिहिलंही होतं. गाइडनी लाल पेनानं गोल करून एकच शब्द लिहिला, "पुरावा?" दोन गोष्टी एकाच काळात, एकाच शहरात घडल्या एवढंच मी म्हणू शकते. एकीमुळे दुसरी घडली असं म्हणायला कागद हवा.

तर मुद्दा गॉर्डियन कुलपाचा. कारखाना सुरू झाल्यावर अर्देशिर यांनी याच नावाचं कुलूप काढलं. नाव अलेक्झांडरच्या त्या प्रसिद्ध, न सुटणाऱ्या गाठीवरून. त्यासोबत दोन चाव्या यायच्या, आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींच्या नकला नव्हत्या. दोन्हींनी कुलूप लागायचं आणि उघडायचं. पण दुसऱ्या चावीला एक जादा अधिकार होता. ती वापरून कुलपाची आतली मांडणी बदलता यायची, आणि मग पहिली चावी निकामी व्हायची.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ज्या काळात शेठ दुकानाची चावी मुनिमाकडे देतो, मुनीम दिवाणजीकडे, आणि संध्याकाळी ती कुणाच्या खिशात आहे हे शेठला आठवत नाही, त्या काळात हे कुलूप म्हणतंय की रोजची चावी कुणालाही दे, पण मुख्य चावी तुझ्या कनवटीला ठेव. शेठ-मुनीम हा माझा तर्क आहे, पेटंटचा नाही. दोन चाव्यांची रचना मात्र तर्क नाही, ती यंत्रात आहे. एकाच कुलपाच्या दोन चाव्यांना दोन वेगळे दर्जे देणं म्हणजे माणसांमधली उतरंड पितळेत ओतणं. समाजशास्त्राचे विद्यार्थी वाचत असतील तर त्यांनी इकडे बघावं.

अर्देशिर पुढे स्प्रिंग नसलेल्या कुलपांकडे आणि तिजोऱ्यांकडे वळले, आणि शेवटी धंदा भाऊ पिरोजशा यांच्या हाती देऊन नाशिकला शेती करू लागले. गोदरेजची गोष्ट सांगताना लोक तिजोरी सांगतात, साबण सांगतात, कपाट तर सांगतातच, ते लग्नात आलेलं असतं. गॉर्डियन कुणी सांगत नाही.

चोवीस चाव्या

मग गाडीच्या कुलपाचं काय झालं? बँकेला आणि शेठला मिळालेली सोय गाडीवाल्याला मिळाली का?

मुळात सुरुवातीच्या मोटारींना चावी असायलाच हवी, असं कुणाला वाटत नव्हतं. हँडल मारून सुरू करायची गाडी, ती पळवायलाही दम लागतो. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर दिला आणि गाडी सुरू करणं सोपं झालं, म्हणजे चोरणंही सोपं झालं. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांना पुढे चावीचा स्विच आला. त्या चाव्यांवर नंबर असायचे, ५१ ते ७४. म्हणजे लाखो गाड्या आणि चाव्यांचे प्रकार फक्त २४.

वर्गात वाढदिवसाचं गणित केलं असेल, की किती मुलं असली म्हणजे दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्मी होते. इथे ३६५ ऐवजी २४ घाला. बाजारात ६ मॉडेल टी उभ्या असतील तर त्यातल्या दोघींची चावी एकच असण्याची शक्यता ४९ टक्क्यांच्या वर जाते. सातवी आली की ६२ टक्के. कुलूप होतं, पण आपल्या दाराला कडी असावी तेवढंच.

आज आपल्या गाडीच्या दारात जे आहे त्याचा जन्म वेगळीकडे झाला. येलच्या प्रसिद्ध खुंट्यांच्या कुलपाची पेटंटं १८६० च्या दशकातली. त्याच दशकाच्या शेवटी, १८६८ मध्ये फायलो फेल्टर या अमेरिकनानं खुंट्यांऐवजी पातळ पत्त्या घालून एक स्वस्त कुलूप केलं. पत्तीच्या मधोमध चौकोनी खिडकी, बाजूला एक छोटी स्प्रिंग. चावी खिडकीतून जाते आणि आपल्या दातांप्रमाणे प्रत्येक पत्ती वर-खाली करते. सगळ्या पत्त्या आतल्या फिरणाऱ्या प्लगच्या कडेशी सपाट आल्या की प्लग फिरतो. एकही बाहेर डोकावली तर बाहेरच्या घरातल्या खाचेत अडकते. बस एवढंच. कपाटं आणि टेबलांचे खण यांच्यासाठी हे ठीक होतं. १९२० च्या दशकात मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीनं हीच जात जस्ताच्या ओतकामात, मोठ्या प्रमाणात, मोटारींसाठी काढायला सुरुवात केली. स्वस्त, हलकं, आणि कारखान्यात भराभर जुळवता येणारं.

'कारखान्यात' हा शब्द लक्षात ठेवा. पत्तीचं कुलूप चावी बदलायला फार सोपं आहे, न्यूएल किंवा गोदरेजच्या यंत्रापेक्षा कितीतरी सोपं. पत्त्या काढा, दुसऱ्या घाला, झालं. पण ही सोय जुळणी करणाऱ्या कामगारासाठी होती. मालकासाठी नव्हती. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, परातीत सापडलं.

परात

पद्धत थोडक्यात सांगते. तुमची स्वतःची गाडी असेल आणि चावी हातात असेल तर करण्यासारखं काम आहे.

काच पूर्ण वर करायची, दाराचं आतलं पॅनेल काढायचं. हँडलच्या मागे सिलिंडर एका यू-आकाराच्या क्लिपनं अडकवलेला असतो. क्लिप सरकवली, मागची सळई सोडवली, की सिलिंडर हातात येतो. इथपर्यंत मजा वाटते. आता चावी आत ठेवूनच प्लग बाहेर ओढायचा. चावीमुळे पत्त्या आत दबलेल्या असतात, नाहीतर प्लग निघत नाही. आणि हे सगळं परातीत करायचं. मी करूनही एक स्प्रिंग उडाली ती उडालीच. दोन दिवस कपाटाखाली टॉर्च मारत होते.

माझा सिलिंडर उघडताना खरी अडचण आली ती तोंडावरच्या टोपीची. ती स्क्रूनं बसवलेली नव्हती, चारी बाजूंनी दाबून मुडपलेली होती. उघडायची तर वाकवावीच लागते, आणि एकदा वाकवली की पूर्वीसारखी बसत नाही. तिकडे न्यूएलच्या कुलपात मालकाला हत्यारच लागत नाही. इकडे यंत्र त्याहून सोपं, पण दार मुडपून बंद. माझ्या प्रश्नाला लागणारा पुरावा त्या मुडपलेल्या पत्र्यात होता. पेटंटच्या आकृतीत ही टोपी एका रेषेनं दाखवलेली असते. ती रेष उघडण्यासाठी आहे की न उघडण्यासाठी, हे रेष सांगत नाही. वस्तू हातात घेतल्याशिवाय कळत नाही. (आपल्याकडे 'साधनं' म्हटलं की कागदच डोळ्यासमोर येतात, ही सवय मलाही सोडावी लागली.)

आत ८ पत्त्या निघाल्या. प्रत्येकीवर बारीक आकडा होता, १ ते ४. आकडा म्हणजे खिडकीची उंची. दोन लगतच्या आकड्यांत फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. आता तुम्हाला कळेल की जुन्या फियाट आणि अॅम्बॅसिडरला भलतीच चावी कशी लागायची, हा किस्सा प्रत्येक घरात आहे. वर्षानुवर्षं घासून चावी आणि पत्ती मिळून पाव-पाव मिलिमीटर झिजली तर २ आणि ३ मधला भेदच संपतो. कुलूप आंधळं होतं, मग त्याला सगळे सारखेच.

८ जागा, ४ उंच्या. कागदावर ४ चा ८ वा घात, म्हणजे ६५,५३६ चाव्या. प्रत्यक्षात इतक्या नसतात, कारण चावीवर १ च्या शेजारी एकदम ४ ची खोल खाच आली तर चढ फार उभा होतो आणि चावी अडकते. म्हणून कंपन्या असे क्रम टाळतात.

मला नव्या पत्त्या आणायच्याच नव्हत्या. माझ्याकडे १ च्या दोन, २ च्या तीन, ३ च्या दोन आणि ४ ची एक पत्ती होती. त्याच पत्त्या वेगळ्या क्रमानं बसवल्या तर १,६८० मांडण्या होतात. १ आणि ४ शेजारी येणाऱ्या वगळल्या तर ९०० उरतात, आणि त्यातली एक जुनीच. म्हणजे एक पैसाही खर्च न करता ८९९ नवी कुलपं त्या परातीत होती. करून बघा, क्रमचयाचं सोपं गणित आहे, सेटलाही येतं.

मी एक क्रम निवडला. कुठला, ते इथे लिहिणार नाही, अर्थातच! पत्त्या बसवल्या आणि उघडा प्लग, एक कोरी चावी घेऊन स्टेशन रोडला चावीवाल्या चाचांकडे गेले.

आपल्याकडे छत्री लावून बसणारे चावीवाले बरेचदा शिकलकरी समाजातले असतात. शिकल म्हणजे शस्त्राला दिलेली झिलई. पूर्वी तलवारींना धार आणि चकाकी देणारे हात. तलवारी गेल्या, तेच हात कानशीनं चाव्या घासू लागले. कुलूप येतं म्हणून कुठे काही घडलं की संशयही आधी त्यांच्याकडेच वळतो, हे मुलाखती घेताना मी पुन्हा पुन्हा ऐकलंय.

चाचांनी प्लग हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि हसले. म्हणाले, "ताई, कुलपाला चावी करून मागणारे रोज येतात. कुलूपच बदलून आणणारं आज पहिल्यांदा बघतोय." मी वहीत तारीख टाकून हे वाक्य लिहून घेतलं. त्यांचं सगळं कौशल्य कुलूप स्थिर धरून चावी बदलण्याचं. मी चावी सोडून कुलूप बदललं होतं. समीकरण तेच, बाजू उलटी. आणि त्यांच्या आख्ख्या कारकिर्दीत ही दुसरी बाजू कुणी मागितलीच नाही, याचा अर्थ गिऱ्हाइकांना ती आहे हेच माहीत नव्हतं. मुडपलेल्या टोपीनं आपलं काम चोख केलं होतं.

त्यांनी चावी घासायला घेतली. एकेक खाच, मग चावी प्लगमध्ये घालून बघायचं, पत्ती कडेशी सपाट आली का. वीसेक मिनिटं. एक पत्ती जरा डोकावत होती. मी म्हटलं, "चाचा, पत्तीच थोडी घासू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोळीला मीठ वरून लावू का असं विचारलंय. पत्ती घासली की कुलूप कायमचं ढिलं होतं, चावी घासली तर फार तर चावी वाया जाते. उडालेल्या स्प्रिंगच्या बदल्यात त्यांच्या भंगाराच्या डब्यातून एक स्प्रिंगही मिळाली. आणि ताकीद मिळाली की तेल घालायचं नाही, शिसपेन्सिलीची पूड घालायची. तेलावर आपली काळी धूळ बसते आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो.

संध्याकाळी कुलूप दारात बसलं. नवी चावी फिरली. जुनी चावी आत गेली आणि तिथेच थांबली. आईनं स्वतः तीनदा फिरवून बघितली.

जे बदललं नाही

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी दाराचं कुलूप बदललं, स्टार्टचं नाही. स्टार्टच्या कुलपाला स्टिअरिंगचा खटका जोडलेला असतो. तो चालत्या गाडीत चुकून पडला तर काय होईल हे सांगायला नको. त्याला घरी हात लावू नका. त्यामुळे आता आमच्याकडे दाराची एक आणि स्टार्टची एक अशा दोन चाव्या आहेत. पप्पा कुरकुरतात. मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांना कितीतरी वर्षं दोन वेगळ्या चाव्या होत्या. पार्किंगवाल्याला स्टार्टची द्यायची आणि डिकीची आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे गॉर्डियनचीच दूरची चुलत बहीण. त्यांना काही ते पटलं नाही.

आणि नव्या गाड्यांचं काय? युरोपात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, आपल्याकडेही तो हळूहळू सगळीकडे आला. चावीत चिप असते, गाडीतला संगणक ती ओळखतो, नाहीतर इंजिन चालत नाही. चोरी रोखायला हे पत्तीपेक्षा कितीतरी भारी आहे, त्यात वाद नाही. पण हरवलेली चिप बाद करायची तर गाडीच्या स्मृतीतून तिचं नाव पुसावं लागतं, आणि ते पुसणारं यंत्र तुमच्याकडे नसतं. १८५१ मध्ये बँक मॅनेजर जे संध्याकाळी पाच मिनिटांत करायचा, त्यासाठी आज गाडीचा मालक अपॉइंटमेंट घेतो. मधल्या पावणेदोनशे वर्षांत कुलूप हुशार झालं आणि मालक पाहुणा झाला, असं माझं मत आहे. गाइडना हे वाक्य फार चटपटीत वाटतं. प्रबंधात राहील की नाही माहीत नाही, म्हणून इथे लिहून टाकलं.

"असं सगळं उघड लिहिलंस तर चोर शिकतील ना?" असं एका मैत्रिणीनं खर्डा वाचून विचारलं. हा प्रश्नही जुनाच आहे. हॉब्जच्या माहितीवर आधारलेलं, चार्ल्स टॉमलिन्सननं संपादित केलेलं कुलपांवरचं पुस्तक १८५३ मध्ये निघालं, तेव्हाही हीच ओरड झाली होती. त्यांचं उत्तर साधारण असं होतं की चोरांना त्यांचा धंदा आपल्याआधीच येतो, अंधारात असतो तो मालक. माझ्या लेखात तर कुलूप उघडायची युक्तीही नाही. चावी हातात असलेल्या माणसानं ती कशी बदलावी, एवढंच आहे.

आता एक काम तुमच्याकडे. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणासाठी मला प्रत्यक्ष जुनी कुलपं बघायची आहेत, विशेषतः दोन वेगळ्या चाव्यांची. पाथरी, सेलू, मानवत, गंगाखेड या बाजूंना जुन्या पेढ्या, वाडे, आडत दुकानं आहेत. कुणाच्या माळ्यावर, धान्याच्या कोठीला, देवघराच्या पेटीला असं कुलूप असेल तर त्याचा आणि दोन्ही चाव्यांचा फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून म्हणजे माप कळेल. चाव्यांचे दात एकमेकांशी ताडून बघा, वेगळे असतील तर मला नक्की कळवा. गंज असेल तर तसाच राहू द्या, रॉकेल-बिकेल मारू नका. आणि दुसरी चावी कुलपात घालून फिरवून बघायचा मोह आवरा. ती गॉर्डियनची निघाली तर पहिली चावी निकामी होऊ शकते.